कच्च्या टाक्यांचा कोपरा

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि बँकेने माझी कलकत्त्याला बदली केली होती. पहिल्याच आठवड्यात आमच्या मच्छरदाणीची भोकं तिथल्या डासांना सापडली, म्हणून मी ती घेऊन खिदिरपूरच्या गोदीजवळ एका म्हाताऱ्या शिंप्याकडे गेलो. ओठांत टाचण्या धरूनच तो बोलायचा. जहाज ज्या बंदराला जाईल तिथला झेंडा त्यावर चढवावा लागतो, आणि असे झेंडे हा शिवायचा.

त्या दिवशी त्याच्यापुढे प्रशांत महासागरातल्या गिल्बर्ट बेटांचा झेंडा होता. बेटं तेव्हा इंग्रजांकडे होती. निळ्या कापडाच्या कोपऱ्यात युनियन जॅक, आणि उजवीकडे लाटा, सूर्य आणि वर उडणारा समुद्रपक्षी. पक्ष्याला त्याने दुहेरी शिलाई घातली होती. कोपरा मात्र लांब लांब कच्च्या टाक्यांनी जोडत होता.

"चाचा, हा कोपरा वाऱ्याने सुटेल," मी हिंदीत म्हणालो.

"बाबू, असे पुष्कळ कोपरे मला पुढे उसवावे लागलेत. पक्की शिलाई असली की कापड फाटतं. पक्षी तिथलाच आहे, तो राहील."

मग त्याने माझ्या मच्छरदाणीवर मशीनची तिहेरी शिलाई मारली. "डास कुठे जाणार आहेत?"

दशक संपता संपता ती बेटं स्वतंत्र झाली. पेपरात नव्या झेंड्याचं चित्र आलं. लाटा, सूर्य आणि पक्षी होते, कोपरा नव्हता. ते मी मच्छरदाणीत बसून पाहिलं. तिचा एकही टाका सुटला नव्हता.