तबला, डबा आणि परब मास्तर

आमच्या किचनमध्ये एक ड्रॉवर आहे, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या साचतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस ड्रॉवर बंदच होत नाही. किस्स्यांचंही तसंच असतं. मी काही किस्से गोळा करायला निघाले नव्हते. मी तबला शिकायला निघाले होते. तबला अजून आलेला नाही, ड्रॉवर मात्र भरलाय!

मूळ तबला इराचा, म्हणजे माझ्या मुलीचा. पाचवीत आहे. महिन्याभरात "बोअर आहे यार" म्हणून तिने तबला सोडला आणि फुटबॉल धरला. तबला आणि डग्गा हॉलच्या कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघायला लागले. ऑफिस, डबे, होमवर्क, सासूबाईंच्या गोळ्या, या सगळ्यात आपलं स्वतःचं असं काहीतरी हवं, असं हल्ली जो तो सांगत असतो ना! मी म्हटलं, चला, मीच शिकते.

"शिक ना!" माझा नवरा नितीन म्हणाला. "स्ट्रेस कमी होईल."

कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही.

* * *

क्लास मुलुंड ईस्टला, परब मास्तरांच्या तळमजल्यावरच्या घरात. मास्तर मूळचे मालवणकडचे. वय सत्तरीच्या पुढे, आवाज मात्र विशीतला. विद्यार्थी सगळे दुसरी ते पाचवीतले.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले, तर मास्तर म्हणाले, "पोराक सोडून जावा. तासाभरान येवा."

"मास्तर, मीच शिकणार आहे."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि सतरंजी थोडी पुढे ओढली. दुसरीतल्या मुक्ताने सरकून मला जागा दिली आणि अगदी काळजीने विचारलं, "काकू, तुम्ही नापास झालात का?"

डग्ग्यावर तळहात दाबून असा सरकवायचा की घुमारा निघाला पाहिजे. आता माझ्या तळहाताला सवय कसली, तर रोज सकाळी डब्याच्या पोळ्यांची! मी आपली मनापासून दाबतेय, वळवतेय, पुन्हा दाबतेय. मास्तरांनी बराच वेळ सहन केलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"अगो बाय, डग्गो हा तो! कणीक नाय!"

* * *

शिकणं एक वेळ सोपं, सराव कधी करायचा? सकाळी डबे. संध्याकाळी इराचा अभ्यास. तो संपला की सासूबाईंची सिरीयल. ती संपेपर्यंत नितीनचे परदेशातले कॉल सुरू. घरात चार माणसं आणि त्यातल्या तिघांना शांतता हवी. उरली शनिवारची दुपार. नेमकी तेव्हा आख्खी सोसायटी झोपते.

तिसऱ्या शनिवारी सोसायटीच्या ग्रुपवर खालच्या मजल्यावरून मेसेज आला. "आमच्या वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू आहे. कृपया सुताराला दुपारी काम बंद ठेवायला सांगावे."

मी शरमेने अर्धी झाले. काय लिहावं याचा विचार करतेय, तोवर नितीनने उत्तर टाकलंसुद्धा. "सुतार घरातलाच आहे. नाइलाज आहे."

झालं! सगळ्या विंगा हसून हसून लोटपोट. आमच्या चेअरमनना मात्र विनोद कळत नाही. त्यांचा गंभीर मेसेज आला, "घरातला असला तरी नियम सर्वांना सारखेच. शिवाय माझा बाथरूमचा दरवाजा खाली घासतो आहे. उद्या पाठवाल का?"

* * *

ऑफिस अंधेरीला, एमआयडीसीत. तिथे तबला नाही, पण बोटांना ते कोण सांगणार? मास्तर म्हणाले होते, त्रिताल अंगात मुरायला हवा. मग मी मीटिंगमध्ये टेबलाखाली मांडीवर सोळा मात्रा मोजायला लागले. तेवढाच वेळ मिळतो हो!

एकदा एका मोठ्या क्लायंटबरोबर मीटिंग होती. त्यांच्या सगळ्या जुन्या फाइली आमच्या सिस्टिमवर आणायच्या होत्या. बॉस बराच वेळ बोलत होते, मी मान हलवत होते, आणि टेबलाखाली चौदा, पंधरा...

"रूपाली, तुमच्या टीमला किती दिवस लागतील?"

"सोळा!"

खणखणीत आवाजात. आवर्तन पुरं झाल्यासारखं!

मग क्लायंट म्हणाला, "वंडरफुल!" बॉसनी माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की नोकरी लागल्यापासून तसं कधी पाहिलं नव्हतं. काम कमीत कमी दीड महिन्याचं होतं. शेजारी बसलेल्या प्रज्ञाने, म्हणजे माझ्याच टीममधल्या माझ्याच मैत्रिणीने, टेबलाखालून मला असा काही चिमटा काढला की बस्स.

वाट लागली! शनिवार-रविवार ऑफिस, इराला नूडल्स, सासूबाईंच्या गोळ्यांची आठवण फोनवरून. काम झालं कसंबसं. प्रज्ञा मात्र माझ्याशी कामाशिवाय बोलेना. शेवटी एकदा चहाचा कप आपटून माझ्यासमोर बसली.

"तुमच्या त्या तबल्यात याच्यापेक्षा लांब ताल नाही का गं? आधी तो शीक ना!"

* * *

सासूबाईंचं मत असं की तबला बायकांनी वाजवायची गोष्ट नाही. पण पाहुणे आले की त्यांना कोण अभिमान! त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, गोराईला कोणाकडे तरी आले होते, ते आमच्याकडे जेवायला आले. लगेच सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, जरा वाजवून दाखव."

मामांना भजनाचा नाद. माझा पहिला ठेका पडला आणि त्यांनी आलाप घेतला. एक भजन झालं, दुसरं झालं. मला ठेका एकच येतो, पण मामांना भजनं चिकार येतात! गॅसवर डाळ. डाळ करपल्याचा वास हॉलमध्ये आला, तरी मामांचे डोळे मिटलेलेच. माझ्या मनगटात कळ येत होती. मी डोळ्यांनी नितीनला खुणावलं, थांबवू का?

तो चटकन माझ्या कानाशी वाकला. "थांबू नको हां! गाणं थांबलं की मामा त्यांच्या ऑपरेशनची गोष्ट सांगायला लागतात!"

* * *

परब मास्तरांच्या क्लासचा एक नियम आहे. अधूनमधून पालकांची मीटिंग होते आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक लागतोच.

"मास्तर, माझे आईवडील सावंतवाडीला असतात."

"नियम तो नियम. घरातला कोण तरी घेवन ये."

नितीन टूरवर होता. सासूबाई म्हणाल्या, "मी नाही बाई त्या पोरांत बसायची." राहिली इरा. तिला घेऊन गेले. ती सरळ पालकांच्या खुर्चीत जाऊन हाताची घडी घालून बसली आणि मी खाली सतरंजीवर.

मास्तरही असे खट, की त्यांनी अगदी गंभीरपणे इराला विचारलं, "ही घराकडे सराव करता?"

"नाही ना!" इरा म्हणाली. "सांगून सांगून थकले मी."

"हात बरो हा तिचो. लक्ष नाय."

"मोबाईल! सारखा हातात मोबाईल. काय विचारलं की म्हणते, ऑफिसचं काम आहे."

बाकीचे सगळे आईबाप माना डोलावत होते. मुक्ताच्या आईने तर "आमच्याकडे पण सेम" म्हणून इराला दुजोरा दिला! शेवटी मास्तरांनी ताकीद दिली आणि इराने उभं राहून सांगितलं, "पुढच्या वेळी तक्रार येणार नाही."

घरी येताना ती रस्ताभर माझ्याशी बोलली नाही. लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणाली, "चार लोकांत मला मान खाली घालायला लावलीस तू."

* * *

आणि आता गेल्या रविवारचं.

सकाळी मास्तरांच्या बायकोचा, काकींचा फोन. "मास्तरांक ताप हा. क्लास बंद ठेवूक ऐकनत नाय. तू सगळ्यांत मोठी, तूच घे गो आज."

आठवड्याचे कपडे मशीनमध्ये, इराची मॅच घाटकोपरला. नितीनला मॅचला पिटाळलं आणि गेले. बघते तर खोलीत नुसता गोंधळ! एक जण दुसऱ्याच्या पाठीवर तिरकिट वाजवतोय. मुक्ता रडतेय, तिची तबल्याची हातोडी कोणीतरी लपवली होती. आतल्या खोलीत मास्तर गळ्यापर्यंत गोधडी घेऊन पडलेले, पण दार उघडं. जरा हात चुकला की आतून आवाज, "तालातली खाली खंय गेली?" "डावीकडचो झोपलो काय?" तापातसुद्धा कोण चुकतंय ते बरोबर कळत होतं!

इकडे पोरं ऐकेनात, तिकडे मास्तर थांबेनात. माझं डोकं फिरलं. घरी इरावर काढते तो आवाज काढला. "आता एकाचा जरी हात थांबला ना, तर बघा!"

सगळे पटापट आपापल्या तबल्यामागे बसले. मग सुरू झाले. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं, आणि काय झालं कोणास ठाऊक, सगळ्यांचे हात एकत्र पडायला लागले. माझासुद्धा! खालची फरशी वाजतेय असं वाटत होतं. पोरं एकमेकांकडे बघून हसत होती, पण हात कोणी सोडेना.

बऱ्याच वेळाने मुक्ता माझ्याकडे सरकली. "काकू, मी मुद्दाम चुकले. तरी मास्तर ओरडले नाहीत."

काकी औषधं आणायला गेलेल्या. मी डग्गा ढकलून आत धावले, माझ्यामागे सगळी पोरं. मास्तर उताणे. तोंड उघडं, डोळे मिटलेले.

"मास्तर!"

काही नाही. मी खांदा धरून हलवलं. "मास्तर! मास्तर!!" मागे मुक्ताने भोकाड पसरलं.

मास्तरांनी एक डोळा उघडला. पलंगाभोवती उभ्या असलेल्या आम्हां सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मेल्यांनो, इतक्या वर्षांत पयल्यांदा तुमच्या तबल्यार माका झोप लागलेली. ती पण मोडलात!"