मंगलाच्या क्लासखालचा कापूस

आता काय सांगू, हा किस्सा आठवला की माझे कान अजून गरम होतात! पण चहा होतोय तोवर ऐकून घ्या. हसायचं तेवढं हसा.

मी मारेगावचा, कापसातच वाढलेला. बायकोला, म्हणजे मंगलाला, घरच्या पुढच्या खोलीत शिवणक्लास काढायचा होता. लग्नाआधीपासूनची तिची हौस. मी म्हटलं, खाली विनाईलच्या पट्ट्या टाकू, अगदी सागवानी दिसतात!

खोलीत अर्धी जुनी फरशी, अर्धा नवा सिमेंटचा कोबा. यवतमाळच्या दुकानदाराने बजावलं, "भाऊ, फरशीच्या सांधी भरून घ्या, कोब्यावर प्लास्टिक टाका, अन् वरून ही फोमची पातळ शीट."

"एवढीशी? जाड नाई का?"

"जाड कायले? जाड शीट दबते अन् पट्ट्यायचे जोड उकलतात ना!"

पण मी कुठला ऐकतोय! अहो, घरात कापूस पडलेला असताना आमच्याकडचा माणूस शीट विकत घेईल का? कापूस पिंजून आणला, चांगला चार बोटं जाड अंथरला आणि वर पट्ट्या बसवल्या. सांधी भरल्या नाहीत की प्लास्टिक टाकलं नाही, सगळं झाकलं!

मंगलाने पाय ठेवला. "अवो, हे दबून काहून राह्यलं?"

"मऊ आहे. गुडघे दुखणार नाहीत," मी ऐटीत म्हणालो.

क्लासच्या पहिल्या दिवशी मुली आल्या, शेजारच्या बायाही आल्या. मंगला मशीनवर बसली, पायडल मारलं आणि मशीन डुलायलाच लागली! मी धावत गेलो धरायला. माझं वजन तर तुम्ही बघताच आहात. टक्, टक्, टक्! जोड उकलले, पट्ट्या वर उठल्या, मशीन कलली आणि कापूस भसकन बाहेर.

शेजारची काकू म्हणाली, "मंगले, हा क्लास हाय का गादीचं दुकान?"

मंगलाचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं हो! आता एकही मुलगी थांबत नाही, असंच वाटलं.

पण मंगला उठली, पदरावरचा कापूस झटकला आणि शांतपणे म्हणाली, "पोरीहो, लिहून घ्या. पहिला धडा अस्तराचा. अस्तर कापडाहून जाड लावलं का सारी फिटिंग बिघडते. नमुना पायाखाली हाय."

मुली खाली वाकून बघायला लागल्या. एकीने विचारलं, "मॅडम, हे केलं कोनं?"

मंगलाने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"हायेत एक. उद्यापासून तेही क्लासले येनार. त्यायले काज-बटनापासून शिकवा लागते."