दुसऱ्या बाजूचा शेरा

विमलबाई दुर्गे कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नव्हत्या. पण अमृतराव सरांचं त्यांनी वर्षभर, अगदी मन लावून वाईट चिंतलं.

बाई आदिलाबादला मिशनच्या शाळेत पियानो शिकवायच्या. त्यांची आई तिथंच झाडलोट करायची. पोरगी पियानोपाशी घुटमळते आहे हे पाहून एका केरळी सिस्टरनं तिला पियानोच्या बाकावर बसवलं, ती तिथंच रमली. सिस्टर पुढं बदलून गेल्या, पियानो आणि विमलबाई मागं राहिल्या. सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती, पंचशील, मग शाळा, असा त्यांचा दिवस. वस्तीतल्या बायका चिडवायच्या, "इमलबाई, तुमचा पियानो ना बारशाले कामाचा ना लग्नाले. मंग शिकवता काऊन?" बाई हसायच्या, सोडून द्यायच्या.

परीक्षा घ्यायची ती हैदराबादची एक संस्था. परीक्षक एवढ्या लांब प्रत्येकाचं ऐकायला येत नसत, म्हणून कॅसेट पाठवायची पद्धत होती. एका बाजूला मुलानं वाजवायचं आणि दुसऱ्या बाजूला परीक्षकानं आपल्या आवाजात शेरा भरून कॅसेट परत धाडायची. मग शाळेच्या हॉलमधल्या वार्षिक संमेलनात परीक्षक, म्हणजे अमृतराव सर, स्वतः प्रमाणपत्रं द्यायला यायचे. तिथं सगळ्या पालकांपुढं ते शेरे टेपवर लावायचे. सरांना ते आवडायचं. आपलाच आवाज ऐकताना ते डोळे मिटून घेत.

त्या वर्षी बेला गावच्या बाबारावांची मुलगी देवका परीक्षेला बसली होती. घरी कापसाची शेती, पोरगी शहरात होस्टेलवर. तिला बाख या जर्मन संगीतकाराची एक छोटी चीज दिली होती. जुनं संगीत ते, बरोक म्हणतात त्या काळातलं. त्यात दोन हात दोन माणसांसारखे बोलतात. एक बोलला की दुसऱ्यानं तेच जरा वेगळं करून म्हणायचं. देवका ते अगदी सावकाश, समजून वाजवायची.

भरायच्या दिवशी करंट गेला. ते काही नवं नव्हतं. बाईंनी टेपरेकॉर्डर सेलवर लावला. सेल जुने, उन्हात तापवून परत घातलेले. आपल्याकडं सगळेच तसं करतात. पण सेल दम सोडत होते आणि टेप आत हळूहळू सरकत होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हळू भरलेली टेप चांगल्या करंटवर लावली की पळते.

संमेलनात सरांचा शेरा लागला. "ही मुलगी संगीत वाजवत नाही, संगीताच्या मागं लागते. शेवटी तर बैल उधळावा तशी सुटली. बाखला संयम लागतो, आणि तो घरातूनच यावा लागतो. या हातांना कापूस वेचणं बरं."

मंडल ऑफिसातले साहेब हसले, त्यांच्या बायका हसल्या. बाबाराव उठले. बेल्याहून पोरीचं कौतुक पाहायला आले होते, धोतर धुतलेलं होतं.

"चाल वं देवका. कापूस हाय आपला, कोनाचा चोरला नाई."

बाईंनी ती कॅसेट घरी करंटवर लावली आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. हैदराबादला फोन केला.

"सर, सेल उतरले होते. शेवटी शेवटी सूरसुद्धा वर चढलाय. वाजवता वाजवता पियानोचा सूर कधी चढतो का? तुम्ही परत ऐका."

"बाई, सेलला आणि वीज मंडळाला दोष देणारे मला फार भेटतात," सर म्हणाले. "माझा कान मुरलेला आहे. तुमच्या पोरींना मुरायला वेळ आहे." आणि फोन ठेवून दिला.

*तुमच्या पोरी.* तो शब्द बाईंच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. पोळी लाटताना, वह्या तपासताना, वंदनेला हात जोडतानासुद्धा तो टोचायचा. या माणसाला त्याच लोकांपुढं, त्याच टेपवर, त्याच्याच तोंडानं खाली पाडायचं. कसं, ते काही सुचत नव्हतं.

दिवाळीनंतर देवका आपणहून पियानोच्या खोलीत आली.

"बाई, यंदा करंट असतानीच भरू."

"बसतं तू परत?"

"बसतो ना. प्रमाणपत्र नसलं तं हैदराबादच्या शिक्षकाच्या कोर्सले घेत नाई. मले शिकवाचं हाय, तुमच्यावानी."

तिनं जीव ओतून त्याच चीजेची तयारी केली. कॅसेट करंटवर भरली, स्वच्छ. बाईंनी ती हातात घेतली आणि त्याच क्षणी त्यांना सुचलं.

सरांनी सगळ्या शिक्षकांना एक नमुन्याची कॅसेट वाटली होती. 'असं वाजवावं' म्हणून तीच चीज त्यांनी स्वतः वाजवून दिली होती. मधे थांबून ते खाकरलेही होते, सवयीनं, तोऱ्यात. बाईंनी ती कॅसेट शाळेच्या टेपवर लावली. समोर आपला टेपरेकॉर्डर ठेवला, त्यात मेलेले सेल घातले आणि सरांचं वाजवणं भरून घेतलं. वर देवकाचा नंबर घातला. देवकाची खरी कॅसेट कपाटात गेली.

दुसऱ्या सकाळी पंचशील म्हणताना बाई चौथ्या शीलाशी अडल्या. खोटं न बोलण्याचं ते शील. ते गाळून त्या पाचव्यावर गेल्या आणि कॅसेट टपालात टाकून आल्या.

संमेलनाला बाबारावांना बाईंनी मुद्दाम निरोप धाडला होता. देवकाचा नंबर आला. सरांचा आवाज घुमला, "मागच्या वर्षीचाच दोष. घाई, उथळपणा, खेडवळ हात. या मुलीला कुणी चांगलं वाजवलेलं ऐकवलेलंच दिसत नाही."

सर डोळे मिटून बसले होते. बाई उठल्या.

"सर, आता पहिली बाजू लावते. पालकांनाही दोष कळू द्या."

पियानो चिरक्या आवाजात पळू लागला. देवका कुजबुजली, "बाई, हे माहं नाई." तेवढ्यात पियानो थांबला आणि टेपमधून एक खाकरणं आलं. बारीक, किनरं, कोंबडीच्या पिलासारखं. बाईंनी लगेच नमुन्याची कॅसेट लावली. तीच चीज, तीच जागा आणि तेच खाकरणं, आता भरदार, सरांचं.

आधी पोरं हसली. मग साहेब हसले. बाबाराव तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "सायेब, तुमी बी कापूस वेचाले या की! मजूर भेटून नाई राह्यले."

सरांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी पिशवी उचलली. विमलबाईंना वाटलं, आता हा असाच जाऊ दे. हसण्यातून वाट काढत, मान खाली घालून स्टँडपर्यंत. वर्षभर हेच तर त्या डोळ्यापुढं आणत होत्या.

"माही कॅसेट कुठाय बाई?" देवकानं विचारलं.

"कपाटात."

"धाडलीच नाई?"

बाईंनी टेप बंद केला.

"मंग माहं कोनी ऐकलंच नाई," पोरगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते बाईंना जास्त लागलं. "मागच्या साली नाई, अन् यंदाही नाई."

सर दारापर्यंत पोचले होते. त्यांना थांबवायचं म्हणजे खाली पडलेल्या माणसाला आपल्या हातानं परत खुर्चीवर बसवायचं. पण पोरीचं वर्ष विमलबाईंनीच खर्चलं होतं, आणि ते भरून देणारा दुसरा कुणी त्या हॉलमध्ये नव्हता.

"सर," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांना कडू लागला. "बसा. हिचं ऐकून जा."

सर वळले. बहुतेक त्यांना वाटलं की अजून काही थट्टा बाकी आहे. पण देवका संमेलनासाठी हॉलमध्ये आणून ठेवलेल्या पियानोवर बसली होती. ते येऊन कडेच्या खुर्चीवर टेकले. या खेपेला त्यांनी डोळे उघडे ठेवले.

तिनं वाजवलं. कुणी हसलं नाही.

सर उठून पियानोजवळ आले. मग हळू आवाजात, फक्त तिच्यापुरतं म्हणाले, "उजवा हात छान बोलतो. डावा त्याचं ऐकत नाही, नुसता जड पडतो. मधला भाग परत वाजव. डावा हलका ठेव."

बाईंच्या अंगाची आग झाली. कारण ते खरं होतं. सूड उगवायच्या नादात वर्षभर त्यांना तो डावा हात ऐकूच आला नव्हता. आणि ऐकला तो या माणसानं. त्यांनी त्याला माफ केलं नाही, पुढंही कधी केलं नाही. त्या क्षणी तर त्यांना तो आधीपेक्षा जास्त नकोसा झाला.

देवकानं मात्र बाईंकडं पाहिलंसुद्धा नाही. "असं का सर?" म्हणून तिनं डावं मनगट जरा उचललं आणि मधल्या भागापासून परत सुरुवात केली.