ब बदकाचा

नामदेव भाऊजी गेल्याचं कळलं तेव्हा मी इंदापुरात, तहसील कचेरीत उताऱ्यासाठी उभी होते. गावातला एक ट्रकवाला शोधत आला आणि म्हणाला, "वहिनी, घरी चला." एवढंच. उसाला पाणी देता देता भाऊजी बांधावर बसले, ते बसलेच… सहा आठवडे झाले. घर अजून हळू आवाजात बोलतं. मला मात्र सारखं वाटतं, आता कुणीतरी मला चिडवायला हवं.

चिडवणं हा माझ्या या दिरांचा धर्मच होता. माझं माहेर पिंपळी, सासर वरकुटे. दोन्हीकडे कबड्डीचं वेड आणि दोन्ही संघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. नव्वदीच्या सुरुवातीला, माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी, बारामतीच्या स्पर्धेत पिंपळी सगळे सामने हरली आणि अ गटातून ब गटात घसरली. कप्तान माझा धाकटा भाऊ, संजय. भाऊजी स्वतः कधी खेळले नाहीत, अंगानं नुसती काडी. पण वरकुट्याच्या ओरडणाऱ्यांचे पुढारी तेच. त्यांनी कुठून तरी जिवंत बदक पैदा केलं, त्याला हार घातला आणि ट्रॅक्टरवर बसवून थेट पिंपळीच्या वेशीपर्यंत मिरवत नेलं. "ब कशाचा?" "बदकाचा!" ऐकून मी पदरात तोंड लपवून हसले, आणि मग रडलेही. संजयचा निरोप आला होता, "त्या गावात पाय ठेवनार न्हाय. ताईनं भाऊबीजंला वाट बघू नये."

भाऊबीजेच्या सकाळी भाऊजी न सांगता लुना घेऊन गेले. मी ताट तयार करून उंबऱ्यात उभी राहिले, उगीचच. दुपारचं ऊन उसाच्या शेंड्यांवर तरंगत होतं, सगळं गाव पेंगत होतं, आणि त्या उजेडातून कधीतरी लुना आली… मागं संजय. भाऊजींचे गुडघे सोललेले, सदरा फाटलेला.

"वहिनी, ह्यो म्हनला, आमच्या मैदानात एक चढाई करा, मधली रेषा शिवून सुटलासा तर येतो. सुटतोय कसला! सात जनांनी धरून पार चेचलं मला. दया आली म्हनून आलाय तुमचा भाऊ."

संजय खाली मान घालून पाटावर बसला. मी ओवाळलं. पुढं सहा वर्षं, ते जाईपर्यंत, सारं वरकुटे भाऊजींना "पिंपळीनं धरलेला" म्हणून चिडवत राहिलं, आणि ते दर वेळी हसून कबूल करत.

दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवेना. मुलांना शिकवू, विहीर पुरी करू, सगळं सांगून झालं. कावळे लिंबावर बसून नुसते बघत होते. तेव्हा संजय पुढं झाला. सगळ्या गावासमोर हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "नामदेवराव, रेषा तुमी शिवली हुती. आमी सातजन वर पडलो, तरी दम न सोडता हात काढून शिवली. वाटंत तुमीच म्हनला, गावात सांगू नगा, धरलं म्हना. आन् मी गप ऱ्हायलो. चुकलं माझं."

मला भाऊजींचा अभिमान वाटला, आणि ते आता नाहीत याचा रागही आला. मग मागून त्यांच्या ओरडणाऱ्यांपैकीच कुणीतरी आरोळी ठोकली, "शिवली!" दुसऱ्यानं ठोकली. मग साऱ्या गावानं.

कावळे भर्रकन उडून गेले, एकही राहिला नाही. मीही ओरडत होते.