दुधाच्या टाक्या आणि ग्रुपवरचं ‘झालं’

ज्या ऑफिसात सगळे तोंडी बोलतात, तिथले किस्से हवेत विरतात. आमच्याकडे सगळे ग्रुपवर बोलतात, त्यामुळे किस्से साठत जातात आणि नंतर कुणाला नाकारताही येत नाहीत.

आमचं केडगावला वर्कशॉप आहे. डेअऱ्यांमधल्या दूध थंड ठेवायच्या टाक्या आम्ही दुरुस्त करतो. फिटर जिल्हाभर पांगलेले, ऑफिस सांभाळायला मी. कुठे काही अडलं की जो तो मालकांना, म्हणजे अण्णांना, फोन लावणार. म्हणून मी आमचा ग्रुप एआय सर्चला जोडला. मेसेज पडला रे पडला की तो सर्चमध्ये येतो. कुणीही विचारावं, उत्तर हजर. हे मी केडगावात बसून केलं, पुण्याहून कुणाला बोलावलं नाही, हे आधीच सांगून ठेवते!

अण्णा म्हणाले, "मॅडम, महिनाभर बघू. माझा फोन वाजायचा थांबला तर ठेवू, न्हाईतर बंद."

*

पहिल्याच दिवशी अण्णांनी सगळ्यांसमोर सर्चला विचारलं, "काष्टीच्या टाकीत काय बिघाड होता?"

उत्तर आलं, "झालं."

चूक सर्चची नव्हती. आमचे फिटर काम संपलं की एवढंच लिहितात. कंप्रेसर बदलला तरी "झालं", वायर जोडली तरी "झालं". अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरायला लागले.

*

मग मी फर्मान काढलं: गाव, बिघाड, उपाय, तिन्ही लिहायचं. आमचे सगळ्यात जुने फिटर पोपटमामा. त्यांनी ते फारच मनावर घेतलं. "काष्टी. पंखा जाम. तेल घातलं. चहा लई भारी."

त्यानंतर काष्टीबद्दल काहीही विचारा, सर्च चहाची शिफारस केल्याशिवाय राहायचा नाही. फिटरांनीही तो सल्ला कधी मोडला नाही.

*

सोमनाथ आमचा तरणा फिटर. एकदा त्याने ग्रुपवर टाकलं, "पोचलो." लगेच खाली विचारलं, "केडगाव चौकात ट्रॅफिक हाय का?"

अण्णांनी सर्चला विचारलं, सोमनाथ कुठे आहे? उत्तर आलं, "ते पोचल्याचं सांगतात, परंतु केडगावच्या ट्रॅफिकची चौकशीही करत आहेत."

अण्णा महिन्यात पहिल्यांदा हसले. मला वाटलं, आता जमतंय.

*

महिना संपत आला होता. संध्याकाळी भंडारदऱ्याकडच्या एका डेअरीची टाकी गार होईना. टाकी दुधाने भरलेली, सोमनाथ तिथे एकटाच. अण्णा त्याला फोन लावत होते, तो उचलत नव्हता. पोपटमामा काष्टीत, तेही उचलेनात. ते दूध नासलं तर डेअरी हातची जाणार आणि माझा सर्चही.

तेवढ्यात माझ्या स्क्रीनवर मामांचा मेसेज आला. "काष्टी. नवा सेन्सर खोटं सांगतोय, दूध गार व्हायच्या आधीच मशीन बंद करतोय. जुना बसवला. चाललं." पाठोपाठ सोमनाथने सर्चला विचारलं, "मशीन मधीच बंद पडतंय, काय करू?" सर्चने मामांचा उपाय जसाच्या तसा पुढे केला; भंडारदऱ्याच्या टाकीलाही तसाच नवा सेन्सर बसवलेला होता.

अण्णा येरझाऱ्या घालत होते. शेवटी खुर्चीत बसले आणि एका बोटाने टाईप करून सर्चला विचारलं, "भंडारदऱ्याची काय खबर?"

"झालं."

अण्णांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, ह्याला आता लई लिवायला शिकवू नका."