लाखेखालचा पेन ड्राइव्ह

ती घटना आठवली की आजही माझी उजवी मूठ आपोआप आवळली जाते. पोलीस खात्यात चौतीस वर्षे काढली. चोर धरले, खुनी धरले, वरिष्ठांची शाबासकीही मिळाली. त्या हकिकती मी घरात रंगवून सांगतो. ही मात्र आजवर कुणाला सांगितली नाही, कारण हिच्यात चुकलेला माणूस मीच आहे.

शिरूरहून न्हावऱ्यावरून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. ठाण्याचे नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही. दुपारी सव्वाच्या सुमारास एका टेम्पोने रस्त्याच्या कडेने चाललेल्या बाईला उडवले आणि चालक न थांबता पळून गेला. बाई शेतावर भाकरी घेऊन निघाली होती. डोक्यावर पाटी, अंगावर जांभळे लुगडे. मी पोहोचलो तेव्हा पाटी बाभळीच्या बुंध्याशी पडली होती आणि कालवण मातीत सांडले होते. बाई जागीच गेली होती. शेजारच्या वावरातल्या एकाने टेम्पो पाठमोरा पाहिला होता. पांढरा रंग, वर निळी ताडपत्री. नंबर कुणीच पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावाने रास्ता रोको केला. लोक चिडले की कागदावरची कलमेही चढतात. साध्या अपघाताचे कलम राहिले बाजूला, ठाण्यात जामीन मिळणार नाही असे सदोष मनुष्यवधाचे कलम आम्ही लावले. आता आरोपी लवकर हवा होता, आणि तो कुणापेक्षा मलाच जास्त हवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या एका खबऱ्याचा फोन आला. शिरूरला मार्केट यार्डाच्या मागच्या गॅरेजात एक पांढरा टेम्पो डाव्या बाजूचा बंपर बदलायला आला होता आणि वर निळी ताडपत्री होती. खबर पक्की निघाली. टेम्पो ताब्यात घेतला, चालकाला ठाण्यात आणले. तिशीतला, अंगाने किरकोळ, तंबाखू सोडली तर व्यसन नाही. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तो रिकामे ड्रम पोचवायचा.

"बंपर कशाने मोडला?" मी विचारले.

"कुरकुंभला साहेब. कंपनीच्या गेटाबाहेर गाड्यांची लाइन हुती. मागं घेताना शिमिटाच्या खांबाला घासला. वॉचमन भय्या काठी घिऊन आला, 'अंधा है क्या' म्हनला."

"कधी?"

"बाराच्या नंतर आसंल. अकरापासनं लाइनीत हुतो. आत घेतली चार वाजता."

"मोबाईल?"

"घरी ऱ्हायला हुता."

घरी राहिलेला मोबाईल मी नोकरीत इतक्या वेळा ऐकला आहे की ते शब्द कानावर पडले की माझा निकाल लागलेला असायचा. तरी चौकशी केली. कंपनीच्या रजिस्टरात टेम्पोची आत घेतल्याची वेळ चारचीच होती. बाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची नोंद ते ठेवत नव्हते. वॉचमन नोकरी सोडून मुलखाला निघून गेला होता. रांगेतले दोन चालक सापडले. त्यांना तो दिवस आठवेना, कारण त्यांचे सगळेच दिवस त्या रांगेत जातात. सव्वाला बाईला उडवून चारला कुरकुंभला आत जाणे सहज शक्य होते. माझे गणित जुळले.

राहिला गेटावरचा कॅमेरा. आमचे एक जुने हवालदार होते, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले. त्यांना कुरकुंभला पाठवले. कंपनीच्या कर्मचाऱ्याने त्या दिवसाचे चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवून दिले. हवालदारांनी पंचनामा करून पेन ड्राइव्ह आणला.

"साहेब, एकदा बघून घेऊ का?" त्यांनी विचारले.

"सील करायच्या आधी उघडला तर उद्या वकील म्हणेल, पोलिसांनी छेडछाड केली," मी म्हणालो. "आणा इकडे."

आमच्याकडे मुद्देमाल म्हटला की कापड, दोरा, लाख आणि पितळी शिक्का. चाकू असो, दारूची बाटली असो, रक्ताचा शर्ट असो, रीत एकच. सील मी स्वतः करायचो, कारण माझ्यासारखा स्वच्छ शिक्का ठाण्यात कुणाचा उठत नसे अशी माझी घमेंड होती. पेन ड्राइव्ह कापडात गुंडाळला, दोरा बांधला, वितळलेली लाख ओतली. आतला उंचवटा आडवा येत होता, शिक्का सरळ बसेना. मग मूठ आवळून सगळा भार दिला. आतून कट्ट असा आवाज आला. मला वाटले लाख तडकली. शिक्का मात्र सुरेख उठला होता, एकेक अक्षर वाचता येत होते. पुडके मुद्देमाल खोलीत गेले.

आता चौकशीबद्दल. चालकाला मी चार दिवस पोलीस कोठडीत घेतले. अंगाला हात लावला नाही, याचा मला अभिमान होता. मी फक्त बोलायचो. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. ती बाई कशी चालली होती, पाटी कुठे पडली, लुगडे कसे भिजले होते, सगळे त्याच्यासमोर मांडायचो आणि म्हणायचो, आता पुढचे तू सांग. पहिले दोन दिवस तो खांब आणि वॉचमन सोडून बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गप्प झाला. चौथ्या दिवशी डोके धरून म्हणाला, "साहेब, आता मला कायबी कळंना झालंय."

मी हवालदारांना म्हणालो, बघा, ढासळला. चालक न्यायालयीन कोठडीत गेला, मी पुढच्या गुन्ह्याला लागलो.

अपघाताला तीन आठवडे होत आले तेव्हा मेलेल्या बाईचे यजमान ठाण्यात आले. पूर्वी मेंढरे घेऊन हिंडणारे घर, आता शेतीत स्थिरावलेले. म्हातारा काठी बाजूला ठेवून बाकावर बसला. मी चहा मागवला.

"आबा, आरोपी आत आहे. काळजी करू नका," मी म्हणालो.

"त्यो कबूल झाला का?"

"तसे कबूल कुणी होत नाही."

"न्हाई, तसं न्हवं. लोक म्हनत्यात त्यो कुरकुंभला हुता. तिथं कॅमेरा हाय म्हनं. कॅमेऱ्यात काय दिसलं?"

अजून पाहिले नाही, असे त्या माणसाच्या तोंडावर सांगताना मला शरम वाटली. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "बघा की मग. माझ्या मालकिणीच्या नावावं भलताच मानूस नगं आत बसाया."

त्याच दुपारी दोन पंच बोलावून सील फोडले. संगणकाच्या खोलीतल्या शिपायाने पेन ड्राइव्ह लावला. दिवा लागला नाही. काढून फुंकर मारली, पुन्हा लावला, दुसरीकडे लावला, जरा वाकडा धरला. दहाबारा वेळा असे झाल्यावर एकदाचा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर चौकट आली. शिपायाचे बोट दाबायच्या बेतात होते.

"थांब. काय लिहिलंय ते वाच आधी," मी ओरडलो.

वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय तेवढी कामाला आली. वापरण्याआधी फॉरमॅट करायचे का, असे संगणक विचारत होता. होय म्हटले असते तर सगळे पुसले जाण्याचीच वाट होती. मी तो बाहेर काढायला लावला आणि कंपनीला फोन केला. तिथून सांगितले, यंत्रात पंधरा दिवसांचेच चित्रण राहते, त्याच्यावर नवे चढते. म्हणजे तो माणूस खरे बोलत असेल तर त्याची सुटका त्या बोटभर वस्तूत होती आणि ती वस्तू माझ्या टेबलावर मरून पडली होती.

न्यायालयाची परवानगी घेऊन मी स्वतः पुण्याला प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या बाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी कापडावरची लाख पाहिली, मग पेन ड्राइव्ह उजेडात तिरका धरला.

"साहेब, हे पाकीट आहे का पापडाची लाटी? केवढं दाबलंय."

मी हसलो नाही. त्यांनी वरचे प्लॅस्टिक उघडले आणि मला भिंगातून पाहायला लावले. आतली हिरवी पट्टी किंचित वाकली होती. संगणकात घुसणारे लोखंडी तोंड पट्टीला कथलाच्या चार बारीक डागांनी जोडलेले असते. त्यातल्या दोन डागांना चीर गेली होती.

"सगळी माहिती या काळ्या चौकोनात असते," त्या म्हणाल्या. "तो शाबूत दिसतोय. जोड दाबून तुटलाय, म्हणून आतलं बाहेर येत नाहीये. पण कुणीतरी पुन्हा पुन्हा लावून पाहिलंय ना? तुटक्या जोडावर असं केलं की आतलं बिघडू शकतं."

त्यांनी ते डाग नव्याने जोडले. मग पेन ड्राइव्ह सरळ संगणकाला न लावता मध्ये एक डबी लावली. मी विचारले हे कशाला. त्या म्हणाल्या, "यातून फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. मूळ वस्तूवर आपण काही लिहायचं नाही, साहेब. आधी नक्कल करायची, मग त्या नकलेवर काय ते काम." नक्कल तयार व्हायला दोन तास लागले. मी शेजारच्या स्टुलावर बसून होतो. शिक्षेच्या निकालालाही मी कधी असा बसलो नव्हतो.

सहा तासांच्या सहा फायली होत्या. चार नीट उघडल्या, शेवटची उघडलीच नाही. बारा ते एकची उघडली, पण बारा वीसला चित्र गोठले. खांबाला टेम्पो घासताना दिसलाच नाही. बाई पुढे सरकवत राहिल्या. बारा बावन्नला चित्र परत हलले. गेटासमोर पांढरा टेम्पो, निळी ताडपत्री, डावा बंपर लोंबलेला. नंबर स्पष्ट. बाजूला आमचा आरोपी, दोन्ही हात जोडून वॉचमनला काहीतरी सांगत असलेला. पुढच्या फायलीत एक वाजून गेला, सव्वा झाला, दीड झाला. तो बंपरला सुतळी बांधत होता.

कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर होते का, हा प्रश्न राहिला. तो हवालदारांनी आधीच सोडवून ठेवला होता. पंचनाम्याच्या शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिले होते की कॅमेऱ्याचे घड्याळ नऊ मिनिटे पुढे आहे. पंचनाम्यावर सही त्यांची, म्हणून मी ती ओळ तेव्हा वाचलीही नव्हती. नऊ मिनिटे वजा केली तरी सव्वाला तो माणूस कुरकुंभलाच होता.

अहवालाचा कागद पुढे ओढून बाईंनी विचारले, "बिघाडाचं कारण बाहेरून पडलेला दाब, असं लिहिते. दाब कसा पडला, ठाऊक आहे?"

वाहतुकीत पडला असेल, असे म्हणता आले असते. वाक्य तोंडापर्यंत आले होते. मग मी सांगितले की शिक्का मी मारला, मुठीने. न्यायालयाला दिलेल्या माझ्या अहवालातही तेच लिहिले. वरून खुलासा मागवला गेला, लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती.

चालक सदतिसाव्या दिवशी सुटला. आबांना मी घरी जाऊन सांगितले. "बरं केलंत," ते म्हणाले. "मग खरा कोन?" तो आम्हाला कधीच सापडला नाही. गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा शेरा मारून ते कागद बंद झाले. ज्या आठवड्यात तो सापडू शकला असता त्या आठवड्यात मी एका निरपराध माणसासमोर बसून होतो.

इथे संपले असते तर मी सांगितले असते की डिजिटल पुराव्याला लाख लावू नका, कडक डबीत ठेवा, आधी नक्कल घ्या. पुढे नव्या पोरांना मी ते शिकवलेही. पण खरा धडा निवृत्तीच्या दिवसांत मिळाला.

दौंडचे भाड्याचे घर सोडून मी शिरूरला राहायला निघालो. स्टँडवरून सामानासाठी टेम्पो आला. चालक उतरला आणि आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखले. दुसरा टेम्पो बघतो, असे सांगून त्याला परत पाठवावे असे मला वाटले. तो म्हणाला, "कपाट आधी घिऊ, साहेब," आणि कामाला लागला.

मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. बराच वेळ ऊस, पाणी, डिझेल असे बोलणे झाले. ती बाभळ दिसू लागली तसा त्याने टेम्पो हळू केला. रस्ता तर मोकळा होता.

"का रे?"

"हितं करतो. कवाबी जाऊ द्या, हितं हळूच जातो."

"पण तू इथे नव्हतास. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"व्हय. न्हवतोच." त्याने समोरची नजर हलवली नाही. "पर साहेब, तवा तुम्ही रोज सांगायचा. शेवटी शेवटी मला ती बाई दिसाया लागली. डोक्यावं पाटी, जांभळं लुगडं. मी तिला जल्मात बघितली न्हाई. हितं आलो का अजूनबी दिसती."

पाटी मी त्याला सांगितली होती. लुगड्याचा रंगही मीच सांगितला होता. त्या चार दिवसांत मी त्याच्याकडून काही काढून घेतोय असे समजत होतो, आणि प्रत्यक्षात माझेच त्याच्या आत लिहीत होतो. पेन ड्राइव्हचा जोड त्या बाईंनी दोन तासांत जोडून दिला. याच्यावर मी जे लिहिले ते पुसायचे कुठल्या प्रयोगशाळेत, हे मला ठाऊक नाही. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब," आणि बाभळ मागे पडल्यावर वेग वाढवला.

अजून कामासाठी मी त्या रस्त्याने दौंडला जातो. बाभळीपाशी आता मीही गाडी हळू करतो. मला ती बाई दिसत नाही. मला कोठडीत माझ्यासमोर डोके धरून बसलेला तो चालक दिसतो.