झोपलेल्या कॉम्प्युटरला हाक

कुठून दुर्बुद्धी सुचली आणि मी ते अपग्रेड केलं, असं त्या दिवसांत मी स्वतःलाच सारखी म्हणत होते. कॉम्प्युटर बरा चालला होता. पण उघडला की रोज तोच निरोप, जुन्या सिस्टिमचे दिवस भरले, नवी घ्या. शेवटी एका रविवारी वैतागून 'घ्या'वर बोट दाबलं आणि भात लावायला उठले. भात झाला, जेवणं झाली, तरी पडद्यावर ते गोल फिरतच होतं.

मी सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत शिकवते. सोमवारी पहाटे शहरातल्या, इंदिरानगरच्या घरून निघायचं, आधी बस, मग जीप, आणि शनिवारी तसंच हाडं खिळखिळी करत परत. घरी बाबा. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवी बाजू ढिली पडली होती. वॉकर धरून जेमतेम बाथरूमपर्यंत जायचे. कामाच्या मावशी सकाळी त्यांचं सगळं उरकून दुपारी स्वतःच्या घरी जायच्या, संध्याकाळी परत यायच्या आणि रात्री सोबतीला झोपायच्या. प्रश्न होता तो मधल्या दुपारचा. तेवढा वेळ बाबा एकटे.

मोबाइल त्यांच्या डाव्या हातात टिकत नसे. तो अंथरुणात कुठेतरी वाजायचा आणि हे शोधत बसायचे. कॅमेरा बसवू म्हटलं तर म्हणाले, "मी काय सराफाचं दुकान आहे?" मग मी ही तोड काढली. त्यांच्या खाटेसमोर टेबलावर कॉम्प्युटर. तो बंद असला तरी इंटरनेटच्या तारेवर एक कान उघडा ठेवून असतो म्हणा. शाळेमागच्या टेकाडावर रेंज येते, तिथून मी मोबाइलवर बटण दाबायचं, इंटरनेटवरून निरोप घरी जायचा आणि कॉम्प्युटर आपला आपण उठायचा. पडद्यावर मी दिसायचे, मला बाबा दिसायचे. घरात कोणाला काही करावं लागत नसे. हे चाललं होतं म्हणून माझी नोकरी चालली होती. ते थांबलं तर राजीनामा द्यायचा, नाहीतर बाबांना कुठेतरी नेऊन ठेवायचं, आणि दोन्ही माझ्याच्यानं होणार नव्हतं.

अपग्रेडनंतरच्या सोमवारी मी हाक मारली आणि काही झालं नाही. पुन्हा मारली. टेकाडावर ऊन मी म्हणत होतं. रोज मधल्या सुट्टीत तेच. शाळेतले एक सर तिथलेच, ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही लय बोलावता, ते काय येत नाय." संध्याकाळी मावशींना फोन केला की त्या म्हणायच्या, "बाबा बरे हायेत ताई. मशीन तेवढं मुकं झालंय." तेवढ्यावर समाधान मानायचं आणि वह्या तपासायला बसायचं. पण तपासताना लाल पेन हातात तसंच राहायचं. मनात एकच, पडले असतील का.

शनिवारी घरी आले ती थेट टेबलाखाली शिरले. पाठ आधीच गेलेली. नव्या सिस्टिमनं येताना माझी जुनी मांडामांड सगळी मोडून ठेवली होती. बंद असताना कोणी हाक मारली तर उठायचं, हे तिनं परस्पर रद्द केलं होतं. शिवाय लवकर सुरू व्हावं म्हणून नीट बंदच न होता अर्धवट पेंगत राहायची नवी खोड लावून दिली होती. एक सापडलं की दुसरं, दुसरं दुरुस्त केलं की पहिलं पुन्हा बिघडलेलं. नाकी नऊ आले. रविवारी दुपारी एकदाचं स्वयंपाकघरातून मोबाइलवर बटण दाबलं आणि हॉलमध्ये पंखा घरघरला. मी ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. बाबा खाटेवरून बघत होते. "झालं?" एवढंच विचारलं त्यांनी. मला वाटलं, कौतुक करायला काय जातं.

सोमवारी हाक लागली. पडदा उजळला तर बाबा चक्क उभे. वॉकर लांब, डावा हात टीपॉयवर, पाय लटपटत होते. "बाबा, आधी बसा बघू," मी टेकाडावरून ओरडले, सर वळून बघायला लागले. बाबा बसले. मीच किती वेळ समजावत होते, पाय घसरला तर, डोक्याला लागलं तर, तिथे उचलायला कोण आहे. ते मान हलवत होते.

मंगळवारपासून पुन्हा शुकशुकाट. माझी खात्री, तेच भूत परत आलं. तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. मुलांवर उगाच खेकसले, जेवणात लक्ष नाही. शुक्रवारी साध्या कागदावर राजीनाम्याच्या चार ओळीही लिहिल्या आणि फाडल्या.

शनिवारी घरात पाऊल टाकलं, चप्पल काढली आणि मशीनचं बटण दाबलं. मख्ख. इंटरनेटच्या तारेजवळ एक छोटा हिरवा दिवा असतो, कॉम्प्युटर बंद असतानाही लुकलुकतो. तोसुद्धा गेलेला. म्हटलं, संपलं, जळालं बहुतेक. विजेची तार हातानं चाचपत गेले, टेबलाखालून, सोफ्यामागून, पार दाराशेजारच्या बोर्डापर्यंत. बोर्डावरचं बटण बंद होतं.

आपल्याकडे घराबाहेर पडताना बोर्डावरची बटणं पटापटा बंद करायची सवय असते सगळ्यांना. म्हणून या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली होती. ती कोणीतरी सोलून काढली होती.

"मावशी, हे तुम्ही बंद केलंत?" माझा पारा चढलेला.

"मी कशाला हात लावू? पट्टी लावलेली दिसत नाय का मला?" त्याही फणकारल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या.

मग बाबा. पण दारापाशी जायचं तर सोफा आणि कपाटाच्या मधून अंग चोरून जावं लागतं. तिथे वॉकर जातच नाही. मी त्या बोळाकडे बघितलं, खाटेकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही तिथवर गेलात कसे?"

"पायांनी."

मी खाली फरशीवरच बसले. ते जरा अडखळत, शब्द जुळवत बोलले. "त्या आठवड्यात तुझं ते लागेना. तांब्यातलं पाणी संपलं. वॉकर उंबऱ्याला अडतो, तो सोडला आणि गेलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो. सोमवारी तू आलीस, बसा म्हणालीस, बसलो. तू बघत असलीस की मला उठता येत नाही गं."

"आणि पडला असतात म्हणजे?"

"पडलो की एकदा."

"मला कळलंसुद्धा नाही."

"म्हणून तर उठलो."

मला रडू आलं आणि रागही आला. इतके दिवस मी त्या मशीनची आतडी बाहेर काढत होते आणि इकडे हे चालायला शिकत होते. जेवताना मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनीही मनधरणी केली नाही, वरण मागून घेतलं.

रविवारी मी पुन्हा टेबलाखाली शिरले. मशीनच्या पोटात आणखी एक सोय असते, वीज आली की आपोआप सुरू व्हायचं. ती चालू केली आणि बाबांना सांगितलं, "दुपारी हे बंद करून काय फिरायचं ते फिरा. झालं की बोर्डावरचं हे बटण लावा. माझ्या मोबाइलवर ठिपका उमटेल. तोवर मी हाक मारणार नाही."

"आणि नाही लावलं तर?"

"तर मावशींना लगेच बघायला धाडीन आणि मग नोकरी सोडून इथे येऊन बसेन."

ते तोंडाच्या एका बाजूनं हसले.

पहिले काही दिवस ठिपका वेळेवर आला. मग एका गुरुवारी येईचना. मधली सुट्टी संपली, घंटा झाली, मी टेकाडावरून हलले नाही. सरांनी माझा वर्ग त्यांच्या वर्गात बसवला. मी मावशींचा नंबर काढून धरला होता आणि दाबत नव्हते. दाबला असता तर आमचं ठरलेलं मोडलं असतं, आणि नाही दाबला तर काय, याचा विचार करवत नव्हता.

ठिपका उमटला, मी लगेच हाक मारली. पडद्यावर रिकामी खाट, मग भिंतीला हात लावत बाबा खाटेपाशी आले आणि धपकन बसले. सदरा घामानं चिकटलेला.

"कुठे होतात?" माझा आवाज फाटला.

"खाली. जिना उतरून गेटापर्यंत. चढताना जरा दम लागला."

आमच्या घरापासून खाली दोन मजले आहेत उतरायला. मला काय काय बोलायचं होतं. त्यांचे पाय दिसत होते, अनवाणी, मातीनं भरलेले.

"उद्या जाल तेव्हा चपला घालून जा," मी म्हटलं.